अपूर्ण खेळाची परीक्षा

स्वतंत्र संगणक-खेळ निर्मात्यांच्या जगात जो पुरस्कार सर्वांत मानाचा समजला जातो, तो कोणा उद्योगपतीच्या वा कंपनीच्या नावाने दिला जात नाही. तो दिला जातो शेमस मॅक्नॅली या कॅनडातील तरुणाच्या नावाने. 21 मार्च 2000 रोजी हॉजकिन्स लिम्फोमा या कर्करोगाने त्याचे निधन झाले, तेव्हा त्याचे वय अवघे 21 वर्षांचे होते. त्याच महिन्यात, मृत्यूपूर्वी काही दिवस, त्याच्या ‘ट्रेड मार्क्स’ या खेळाने अमेरिकेतील इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचे सर्वोच्च पारितोषिक मिळवले होते. उत्कृष्ट रचना आणि उत्कृष्ट प्रोग्रामिंग ही आणखी दोन पारितोषिकेही त्याच खेळाकडे गेली. त्यानंतर महोत्सवाने आपले सर्वोच्च पारितोषिक त्याच्या नावे केले, आणि आजही ते त्याच नावाने ओळखले जाते.

हे सारे आपल्या वाचकांना दूरचे वाटेल. परंतु अलीकडे अनेक घरांत एखादा मुलगा किंवा मुलगी रात्री उशिरापर्यंत संगणकासमोर बसते आणि ‘मी खेळत नाही, मी गेम बनवतोय’ असे सांगते. काही महिन्यांनी तेच अपत्य कोणत्या तरी स्पर्धेत ‘डेमो’ पाठवायचा आहे, त्यासाठी शुल्क भरायचे आहे, आणि नोकरीचा विचार वर्षभर पुढे ढकलायचा आहे, असे म्हणू लागते. आईवडिलांच्या मनात शंका येते, आणि ती योग्यही आहे. ही स्पर्धा म्हणजे नेमके काय, तिच्यातून काय हाती लागते आणि काय लागत नाही, याचा हिशेब शांतपणे मांडलेला बरा.

प्रथम दोन शब्दांचा अर्थ. ज्याच्या पाठीशी मोठ्या प्रकाशक कंपनीचे भांडवल नाही, जो एकटा किंवा दोन-चार सहकाऱ्यांसह स्वतःच्या जोखमीवर खेळ घडवतो, तो स्वतंत्र निर्माता. आणि डेमो म्हणजे खेळाचा चाखायला दिलेला भाग. मिठाईचा दुकानदार गिऱ्हाइकाच्या हातावर बर्फीचा तुकडा ठेवतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की मिठाईवाल्याच्या मागे ताट भरलेले असते, तर खेळ बनवणाऱ्याने पुष्कळदा तेवढा तुकडाच काय तो तयार केलेला असतो. बाकीचे ताट अजून मनातच आहे. बँकिंगच्या भाषेत याला ‘चालू काम’ म्हणतात. ताळेबंदात ते मालमत्तेच्या बाजूला दिसते खरे, पण त्यावर कर्ज देताना कोणताही अधिकारी दहा वेळा विचार करतो.

नेमक्या याच अडचणीवर उपाय म्हणून 1998 मध्ये हा महोत्सव सुरू झाला. चित्रपटसृष्टीत सनडान्स महोत्सवाने छोट्या, स्वतंत्र चित्रपटांना जे व्यासपीठ दिले, तेच खेळांना मिळावे अशी कल्पना होती. गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स या व्यावसायिक परिषदेसोबत तो भरतो. आरंभी परिषद सॅन होजे येथे होत असे, पुढे ती सॅन फ्रान्सिस्कोला गेली. 2012 च्या सुमारास मुख्य स्पर्धेत येणाऱ्या प्रवेशिकांची संख्या पाचशेच्या पुढे गेली होती. त्यांतून प्रत्येक विभागात मोजकेच खेळ अंतिम फेरीत जातात. पूर्ण झालेलाच खेळ हवा, अशी अट नाही. खेळता येईल अशा स्थितीतील अपुरा खेळही चालतो. विद्यार्थ्यांसाठी वेगळे पारितोषिक असते.

अपुऱ्या वस्तूची परीक्षा घेणे ही वरवर विचित्र वाटणारी गोष्ट आहे. पण प्रकल्प-अहवाल आणि डेमो यांत जो भेद आहे, तो या स्पर्धेच्या मुळाशी आहे. अहवालात उद्योजक पुढील पाच वर्षांचा नफा लिहू शकतो. कागद सहसा विरोध करत नाही. डेमोला ती सोय नाही. परीक्षक तो आपल्या घरच्या संगणकावर चालवतो, निर्माता शेजारी उभा नसतो, ‘हे पुढे सुधारणार आहे’ असे सांगायला कोणी नसते. उडी मारायची कळ पहिल्या मिनिटात सापडली नाही, तर परीक्षकाच्या लेखी ती कळ नाहीच. महिनोन्‌महिने स्वतःच्याच खेळात वावरलेल्या निर्मात्याला जे सहज वाटते, ते परक्या हाताला किती अवघड जाते, हे त्याला बहुधा प्रथमच येथे कळते. बक्षीस न मिळालेल्यांनाही स्पर्धेतून एवढे तरी मिळते, आणि ते थोडे नाही.

मॅक्नॅली कुटुंबाची कथा या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखी आहे. ओंटारिओ प्रांतातील या घराने ‘लाँगबो डिजिटल आर्ट्स’ नावाची छोटी कंपनी काढली होती. कंपनी म्हणजे घरचीच मंडळी: वडील, आई, भाऊ आणि प्रोग्राम लिहिणारा शेमस. आपल्याकडील पेढीसारखीच रचना. 1998 मध्ये त्यांनी चेंडूने विटा फोडण्याचा ‘डीएक्स-बॉल 2’ हा खेळ काढला. त्या काळी असे खेळ ‘शेअरवेअर’ पद्धतीने विकले जात. आरंभीचा भाग फुकट वाटायचा, आवडला तर उरलेल्या भागासाठी ग्राहकाने पैसे पाठवायचे. म्हणजे डेमो हीच त्यांची जाहिरात, डेमो हेच त्यांचे दुकान. गिऱ्हाईक काही पाहिल्याशिवाय पैसे देत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

‘ट्रेड मार्क्स’ या नावावरून व्यापारचिन्हाचा भास होतो. इंग्रजी उच्चार जुळतो, त्यामुळे तो श्लेष असावा. प्रत्यक्षात अर्थ आहे रणगाड्याच्या पट्ट्यांचे जमिनीवर उमटणारे ठसे. रणगाड्यांची शर्यत आणि लढाई असा हा खेळ आहे. विषय काही सात्त्विक नव्हे. पण त्याचे कौतुक झाले ते त्यातील जमिनीसाठी. डोंगर, उतार आणि मैदाने असलेली ती भूमी स्फोट झाला की खरोखर खचत असे, तेथे खड्डा पडे, आणि पुढच्या फेरीत त्याच खड्ड्यातून मार्ग काढावा लागे.

1999-2000 सालच्या घरगुती संगणकावर हे साधणे सोपे नव्हते. संगणक जमीन काढतो ती असंख्य छोट्या त्रिकोणांनी. त्रिकोण जितके अधिक, तितकी भूमी रेखीव. पण प्रत्येक त्रिकोणाला यंत्राची शक्ती लागते आणि ती मर्यादित असते. सेकंदात अनेक वेळा चित्र नव्याने काढायचे, तर सर्वत्र बारीक त्रिकोण वापरणे परवडत नाही. 1997 मध्ये काही अमेरिकी संशोधकांनी ‘रोम’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी एक पद्धत मांडली होती. पाहणाऱ्याच्या जवळ आणि जेथे उंचसखलपणा आहे तेथे त्रिकोण दाट ठेवायचे. दूरच्या सपाट मैदानाला दोन-चारांत भागवायचे. आणि खेळाडू पुढे सरकला की ही वाटणी बदलत राहायची. काटकसरीने घर चालवणाऱ्या गृहिणीला हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. पैसा ठराविक आहे, मग तो जेथे दिसतो आणि जेथे लागतो तेथेच घालायचा. शेमसने हे शास्त्रीय निबंधातील तत्त्व घरच्या संगणकावर चालणाऱ्या, खचणाऱ्या जमिनीला लावून दाखवले. प्रोग्रामिंगचे पारितोषिक कशासाठी होते, हे यावरून लक्षात येईल.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्या वर्षी परीक्षकांनी आजारी मुलाला सहानुभूतीने गौरवले, असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा. खचणारी जमीन दयेने तयार होत नाही. ती चालते किंवा चालत नाही. परीक्षकांनी जे पाहिले ते पडद्यावर चालत होते.

त्या घराची कंपनी मात्र मुलाबरोबर संपली नाही. प्राचीन ग्रीसमधील मोहिमांवर आधारित ‘हेजेमनी: फिलिप ऑफ मॅसिडॉन’ हा त्यांचा खेळ 2010 मध्ये आला, त्याच मालिकेतील पुढचे खेळ 2014 आणि 2015 मध्ये आले. ‘ट्रेड मार्क्स’चा मूळ कोडही पुढे, 2017 मध्ये, सर्वांसाठी खुला करण्यात आला. कोणीही तो वाचू शकतो, त्यावरून शिकू शकतो.

आता जमाखर्च. स्पर्धेच्या बक्षिसावर डोळा ठेवून घरखर्चाचा आराखडा करणाऱ्याने पुढील उदाहरण पाहावे. अमेरिकेतील जोनाथन ब्लो यांच्या ‘ब्रेड’ या खेळाला 2006 मध्ये याच महोत्सवात खेळ-रचनेतील नावीन्याचे पारितोषिक मिळाले. काळ मागे फिरवता येणे, ही त्या खेळातील मध्यवर्ती कल्पना. त्या वेळी त्यातील चित्रे ब्लो यांनी स्वतःच कशीबशी काढलेली होती, कारण ते चित्रकार नव्हते. परीक्षकांनी चित्रांकडे दुर्लक्ष करून कल्पना पाहिली. पण ग्राहक परीक्षकाइतका उदार नसतो. पारितोषिकानंतर त्यांनी व्यावसायिक चित्रकार नेमला, खेळाचे रूप पूर्ण पालटले, आणि तो बाजारात आला ऑगस्ट 2008 मध्ये. या काळात त्यांनी स्वतःच्या खिशातून सुमारे 2 लाख डॉलर खर्च केले. तेव्हाच्या दराने ऐंशी लाख रुपयांहून अधिक. त्यातील बराचसा भाग चित्रकाराचे मानधन आणि स्वतःचा निर्वाह यांवर गेला. खेळ पुढे उत्तम चालला, हे खरे. परंतु पारितोषिकाच्या दिवशी हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि खर्चाचा मोठा भाग त्या दिवसानंतरचा होता, हे महत्त्वाचे.

फिनलंडच्या पेत्री पुर्हो यांचे उदाहरण याच्या अगदी उलट. प्रत्येक महिन्यात एक खेळ, आणि तोही सात दिवसांच्या आत, असा नेम त्यांनी स्वतःला घालून घेतला होता. 2007 च्या जूनमध्ये त्यांनी पाच दिवसांत ‘क्रेयॉन फिजिक्स’ तयार केला. मुलांच्या रंगखडूने काढल्यासारखी चित्रे. खेळाडूने पडद्यावर चौकोन काढला की तो वजनदार होऊन खाली पडतो, गोल काढला की घरंगळतो. त्याच कल्पनेच्या विस्तृत आवृत्तीला 2008 मध्ये शेमस मॅक्नॅली पारितोषिक मिळाले. रक्कम 20 हजार डॉलर, म्हणजे तेव्हाचे जवळपास आठ लाख रुपये. तरीही खेळ विक्रीस आला तो जानेवारी 2009 मध्ये. बीज पाच दिवसांचे आणि पीक दीड वर्षाचे, असा हा हिशेब आहे. त्या आधीचे महिन्यागणिक टाकून दिलेले छोटे खेळ धरले, तर पाच दिवस हा आकडाही फसवा ठरतो.

पारितोषिक आणि विक्री यांतील अंतर किती वाढू शकते, हे ‘आउटर वाइल्ड्स’ दाखवतो. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील पदव्युत्तर प्रबंधातून निघालेल्या या खेळाने 2015 मध्ये सर्वोच्च पारितोषिक जिंकले आणि तो बाजारात आला 2019 मध्ये. चार वर्षे. एखाद्या घराने ‘बक्षीस मिळाले, आता पैसा येईल’ असे गृहीत धरले असते, तर ती चार वर्षे कशी गेली असती?

कॅनडाच्याच फिल फिश यांचा ‘फेझ’ हा खेळ 2008 मध्ये दृश्यकलेच्या पारितोषिकाचा मानकरी ठरला आणि चार वर्षांनी, 2012 मध्ये, पूर्ण होता होता त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. एकच खेळ दोनदा गौरवला जावा का, यावर तेव्हा वादही झाला. या मधल्या काळाचे चित्रण ‘इंडी गेम: द मूव्ही’ या 2012 च्या माहितीपटात आहे. मार्च 2011 मध्ये बोस्टन येथील प्रदर्शनात फिश आपला डेमो घेऊन उभे आहेत. माजी भागीदाराशी फारकतीची कागदपत्रे पूर्ण झालेली नाहीत, त्यामुळे खेळ दाखवावा की नाही हीच चिंता. त्यात भर म्हणजे डेमो पुन्हा पुन्हा अडकतो, लोक रांगेत थांबलेले, आणि निर्माता धावत येऊन तो परत सुरू करतो आहे. तंत्रज्ञांना त्यात प्रोग्रामची चूक दिसेल. व्यवहार पाहिलेल्या माणसाला भागीदारीचा करार दिसेल. दोन मित्र महाविद्यालयाच्या वसतिगृहात खेळ सुरू करतात तेव्हा कोणाचा वाटा किती, एक जण सोडून गेला तर काय, नाव आणि चित्रे कोणाच्या मालकीची, हे कागदावर घेत नाहीत. मैत्रीत ते अप्रशस्त वाटते. स्पर्धेचा अर्ज भरताना मालकीचा रकाना समोर येतो आणि मग पहिल्यांदा विषय निघतो. तो आधी काढावा. मैत्री टिकण्याची शक्यता त्यानेच वाढते.

अलीकडे स्पर्धेला आणखी एक जोड मिळाली आहे. ‘स्टीम’ या खेळांच्या आंतरजालावरील बाजारपेठेत ‘नेक्स्ट फेस्ट’ नावाचा डेमोंचा मेळा वर्षातून तीनदा, फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबर महिन्यांत भरतो. येथे परीक्षक नाहीत. येणारे-जाणारे खेळाडूच परीक्षक. डेमो आवडला तर ते खेळ आपल्या ‘विशलिस्ट’मध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या यादीत, टाकतात. बाजारपेठेत खेळ मांडण्यासाठी दर खेळामागे 100 डॉलर भरावे लागतात; विक्री 1000 डॉलरच्या पुढे गेली की ते परत मिळतात. ही रक्कम फार नाही. मात्र एका खेळाला नेक्स्ट फेस्टमध्ये एकदाच भाग घेता येतो. ही एकदाच वटणारी हुंडी आहे. उत्साहाच्या भरात कच्चा डेमो घेऊन आलेल्याला पुढच्या मेळ्यात तोच खेळ सुधारून आणता येत नाही. म्हणून येथे घाई नडते. उलट महोत्सवाच्या स्पर्धेत अंतिम तारखेची घाई उपयोगी पडते, कारण ती नसेल तर कित्येक खेळ कधीच खेळता येण्याजोगे होत नाहीत. दोन्हींचे स्वरूप निराळे आहे, आणि मुलाने कोणता अर्ज कधी भरायचा हे ठरवताना पालकांनी एवढा प्रश्न तरी विचारावा.

दुसरा प्रश्न वेळेचा. डेमो म्हणजे खेळाचा पहिला तुकडा कापून दिला, इतके ते सरळ नसते. कोठे सुरू करायचे, खेळाडूला काय शिकवायचे, कोणत्या क्षणी थांबवायचे, हे वेगळे काम असते आणि त्यात कित्येक आठवडे जातात. तेवढे आठवडे मूळ खेळातून वजा होतात. वर्षात चार स्पर्धांना चार वेगळे डेमो पाठवणारा निर्माता फार कष्टाळू दिसतो, पण वर्षाअखेर त्याचा खेळ जेथे होता तेथेच असू शकतो.

आणि तिसरा प्रश्न, जो बहुतेक घरांत मोठ्याने विचारला जात नाही: तोवर जेवणखाण, भाडे, वीज कोणाच्या खात्यातून? स्वतंत्र निर्मात्याच्या अर्जावर एकच सही असते. प्रत्यक्षात त्यामागे जामीनदार असतात. कधी आईवडील, कधी नोकरी करणारी पत्नी, कधी स्वतःचीच जुनी बचत. मॅक्नॅलींच्या घरात सगळेच त्या कामात होते, म्हणून हे उघड दिसले. इतरत्र ते झाकलेले राहते. जामीनदाराला मुदत विचारण्याचा अधिकार आहे, आणि मुलाने ती स्पष्ट सांगावी, यात अविश्वास मुळीच नाही. ‘बारा महिने, त्यानंतर नोकरी आणि उरलेला खेळ रात्रीच्या वेळी’ असे ठरलेले घर, काहीच न ठरलेल्या घरापेक्षा अधिक धीराने वाट पाहते.

हे सर्व परदेशातच घडते असे नाही. भारतातील खेळ-निर्मात्यांची परिषद अनेक वर्षे हैदराबादला भरत असे आणि तिचेही पुरस्कार आहेत. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या संस्थेने ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला खेळ करायला घेतला. आपल्या भावाच्या शोधात निघालेली राजी ही मुलगी त्याची नायिका आहे. 2017 मध्ये त्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या माध्यमातून भांडवल उभे करण्याचा प्रयत्न केला, तो फसला. किकस्टार्टरच्या नियमानुसार उद्दिष्ट पूर्ण न झाल्यास जमलेली रक्कमही निर्मात्याला मिळत नाही. तरीही काम थांबले नाही, आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये खेळ प्रथम निन्टेन्डो स्विच या यंत्रावर आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर आला. त्याच वर्षी अमेरिकेतील ‘द गेम अवॉर्ड्स’ मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम स्वतंत्र खेळासाठी निवडलेल्या पाच नावांत पुण्याच्या या खेळाचे नाव होते. पुरस्कार गेला ‘फॅस्मोफोबिया’ला. तो खेळ एका ब्रिटिश तरुणाने मुख्यतः एकट्याने घडवलेला होता, आणि पुरस्कार मिळाला तेव्हाही तो अपूर्णच होता.